कॉम्प्रेशनचे मोजे घातल्यावर काय होतं आणि कधी होतं

अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे, आणि मेडिकलवाल्याचं काम म्हणजे सकाळी शटर वर केलं की रात्री खाली ओढेपर्यंत उभंच, त्यामुळं माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या-हिरव्या गाठीगाठीच्या नसा आल्या तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही, वडलांनाही होत्या. तर हे व्हेरिकोजचे, म्हणजे अशा फुगलेल्या नसांसाठी पाय दाबून धरणारे कॉम्प्रेशनचे मोजे मी विकतो पण आणि घालतो पण, बरीच वर्षं झाली. विकताना सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं ते हे, "भाऊ, पंधरा दिवस घातले, नसा हायत तशाच हायत, फुकट गेले पैसे."

नसा तशाच राहणार हो. हे डबा हातात द्यायच्या आधी सांगायला पाहिजे, पण डॉक्टरला वेळ नसतो अन् दुकानदाराला माल खपवायचा असतो. फुगलेली नस मोज्यानं जात नाही, त्यासाठी लेझर किंवा ऑपरेशन आहे. मोजा फक्त अंगावर आहे तोवर काम करतो, संध्याकाळी काढला की त्याचं काम संपलं, उद्या परत घालायचा. चष्म्यासारखं आहे ते, चष्मा घातला म्हणून डोळ्याचा नंबर जात नाही पण पेपर वाचता येतो.

काम कसं करतो तेही सांगतो कारण ते कळलं की माणूस मोजे सोडत नाही असा माझा अनुभव आहे. आपण नुसतं उभं राहिलो की घोट्यापाशी नसेतलं प्रेशर साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याएवढं होतं, चालायला लागलो की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि तेच प्रेशर तीसच्या आसपास येतं. नसांमध्ये झडपा असतात, वर गेलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून. त्या झडपा कामातून गेल्या की रक्त परत खाली, मग नस फुगते, पाणी बाहेर झिरपतं, संध्याकाळी पाय सुजतो. मोजा बाहेरून दाबून धरतो, घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर जाईल तसा कमी. ही आयडिया अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या कॉनराड जोब्स्ट नावाच्या इंजिनिअरची, त्याला स्वतःला नसांचा त्रास होता आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला आराम पडतो हे त्याच्या ध्यानात आलं, कारण पाणी जेवढं खोल तेवढा दाब जास्त. १९५० च्या आसपास त्यानं तसाच दाब देणारे मोजे बनवले. गंगाखेडला गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बघा, पोटऱ्या हलक्या वाटतात, तेच हे.

पहिला आठवडा भांडणाचाच असतो. क्लास २ चा मोजा, म्हणजे घोट्याला २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब, तो पायात जाता जात नाही, बायको म्हणते काय कुस्ती खेळायलाव सकाळी सकाळी. डबीवर लिहिलेलं असतं की पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी घाला, आता आमच्याकडं माणूस उठला की आधी बाहेर, मग अंघोळ, मग देवपूजा, मग चहा, तोवर पायात पाणी उतरायला सुरुवात झालेली असते. यावर उपाय सोपा आहे, अंघोळ उरकून दहा-पंधरा मिनिटं दोन उशांवर पाय टाकून पडा, मोबाईल बघा, पाय कोरडे करा, मग घाला. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी पंजा घालायचा, टाच टाचेत बसवायची आणि मग हळूहळू वर सरकवत न्यायचा, धरून ओढायचा नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पकड येते आणि नखं लागत नाहीत. बायांना मी आवर्जून सांगतो की जोडवी आणि पैंजण काढून घाला नाहीतर नवा मोजा पहिल्याच दिवशी फाटतो, आणि टाचेला भेगा असतील तर त्याच्यातही धागा अडकतो. जोडवी काढायला सासू नाही म्हणती असं एकीनं सांगितलं, मग तिला बोटं उघडी असणारा मोजा दिला, तो घालताना बरोबर एक घसरपट्टी येते, ती पंजावर चढवून मोजा वर घ्यायचा आणि पट्टी बोटांकडून ओढून काढायची, तो जोडव्यांवरनं निघतो.

या आठवड्यात खाज येईल, घट्ट वाटेल, गुडघ्याखाली काचेल. एवढं चालतं. पण वरची पट्टी दुमडून ठेवायची नाही, दुमडली की तिथं दुप्पट दाब बसतो आणि पाय उलट खालून फुगतो. बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, बधिर झाली तर लगेच काढायचा, उद्यापर्यंत थांबायचं नाही.

फरक दिसायचा तो दोन-तीन आठवड्यांत दिसतो, पण लोक चुकीच्या जागी बघतात. नसेकडं बघू नका, संध्याकाळी घोट्याकडं बघा. नडगीवर अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा पडायचा तो पडतो का, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो का, रात्री पोटरीत गोळे येऊन झोपेतून उठावं लागतं का. मला पहिला फरक रात्री आठनंतर कळला, त्या वेळेला गिऱ्हाईक आलं की आधी मनातल्या मनात शिव्या यायच्या, त्या बंद झाल्या. आणि सूज उतरली की मोजा सैल पडतो हे कुणी सांगत नाही. सुजलेल्या पायाचं माप घेऊन आणलेला मोजा महिन्याभरानं खाली घसरायला लागला तर तो खराब नाही, तुमचा पाय बारीक झालाय, परत माप घ्या.

कातडीचं काम हळू चालतं. घोट्याच्या आतल्या बाजूला जो काळपट-तपकिरी डाग पडतो तो रक्तातलं लोह कातडीत साचून झालेला असतो, तो सहसा पूर्ण जात नाही, पुढं पसरायचा थांबतो एवढंच. खाज आणि खपल्या मात्र कमी होतात. या नसांमुळं पायाला न भरणारी जखम झाली असेल तर हिशोब आठवड्यांचा नाही, महिन्यांचा. २००४ मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात इंग्लंडमधला ५०० पेशंटचा एक अभ्यास आला होता, अर्ध्या लोकांना नुसतं कॉम्प्रेशन, अर्ध्यांना कॉम्प्रेशन आणि नसेचं ऑपरेशन. २४ आठवड्यांत जखम भरण्याचं प्रमाण दोन्हीकडं ६५ टक्के, काहीच फरक नाही. पण वर्षभरात जखम परत उघडायचं प्रमाण नुसत्या कॉम्प्रेशनवाल्यांत २८ टक्के आणि ऑपरेशनवाल्यांत १२. म्हणून "मोजे घातलेत, आता ऑपरेशन कशाला" असं म्हणणाऱ्याला मी सर्जनकडं पाठवतोच, आणि "ऑपरेशन झालंय, आता मोजे कशाला" म्हणणाऱ्याला पण.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर, लाईट गेलेली, आणि पायात रबराचा मोजा, अर्धी जनता तिथंच सोडून देते. अवघड आहे, मी नाही म्हणत नाही. पण उष्णतेनं नसा अजून पसरतात, म्हणजे सूज सगळ्यात जास्त ह्याच दिवसांत येते, त्यात लग्नसराई, उन्हात उभं राहून अक्षता, मग पंगतीत वाढायला उभं. मांडीपर्यंतचा झेपत नसेल तर डॉक्टरला विचारून गुडघ्यापर्यंतचा घ्या, बहुतेकांचं त्यात भागतं. दुपारी दुकान बंद ठेवत असाल तर तेवढा वेळ काढून पाय वर करून पडा, चार वाजता परत घाला. बाहेरून हातानं थोडं पाणी शिंपडलं तरी बरं वाटतं, मी शिंपडतो.

सहा महिन्यांनी मोजा संपतो. दिसायला नवा दिसला तरी संपतो, रोज ताणून ताणून इलॅस्टिकचा जीव गेलेला असतो. ज्या दिवशी तो झटकन पायात गेला आणि तुम्हाला आनंद झाला, त्या दिवशी नवा घ्या. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर जास्त पुरतात, पण चांगल्या कंपनीची जोडी हजाराच्या वर जाते, दोन घ्या म्हणलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात. रोज रात्री गार पाण्यात साध्या साबणानं हलकं धुवायचा, एक बादली पण लागत नाही, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत टाकायचा. पत्र्यावर उन्हात टाकला की मेला. पायाला खोबरेल किंवा क्रीम लावायचं तर रात्री मोजा काढल्यावर, सकाळी लावून वर मोजा चढवला तर तेल इलॅस्टिक खातं.

ऑपरेशननंतर दवाखान्यातनं मिळालेले पांढरे मोजे वर्ष-वर्ष घालणारे पण येतात. ते झोपून असलेल्या पेशंटच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतात, दाब कमी असतो, उभं राहून काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आणि सगळ्यांनाच मोजा देता येत नाही. शुगर जुनी आहे, बिडी-तंबाखू आहे, चालताना पोटरी भरून येऊन थांबावं लागतं, पाय गार पडतात, अशा माणसाच्या धमन्यांत आधीच रक्त कमी जातं, वरून आवळलं तर बोटं काळी पडू शकतात. त्याचं घोट्याचं आणि दंडाचं बीपी तुलना करून बघावं लागतं, मगच मोजा. दोन्ही पाय सारखेच सुजायलेत आणि बीपीला अॅम्लोडिपिन चालू आहे असं दिसलं की मी मोजा न देता डॉक्टरकडं परत पाठवतो, त्या गोळीनं घोटे सुजतात हे लई लोकांना माहीत नसतं. गोळी मनानं बंद करायची नाही, नुसतं विचारून यायचं. एकच पाय अचानक सुजला, दुखायलाय, गरम लागतोय, तर मोजा-बिजा सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, गुठळी असू शकते.

बाकी माप घ्यायला सकाळी या. संध्याकाळी सहाला सुजलेला पाय घेऊन येतात आणि म्हणतात, "घ्या की भाऊ, लांबून आलाव, एसटी निघून जाईल." तेव्हा घोट्याचं माप घेऊन काही उपयोग नसतो, मी घेत नाही, आणि मग आमचं थोडं भांडण होतं.