मांड्या भरून यायच्या आणि मी गोळीला दोष देत बसले

माझे वडील, अण्णा, एक्कावन्नाव्या वर्षी गेले. बाजारातून घरी आले, पायरीवर टेकले आणि आईला म्हणाले, "छातीत दडपल्यासारखं होतंय, जरा पाणी दे." मी तेव्हा नववीत होते. आता माझी पन्नाशी आली आहे. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या पतसंस्थेतल्या आरोग्य शिबिरात रिपोर्टवर एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा १७८ दिसला, तेव्हा मला त्या पायरीचीच आठवण झाली.

शिबिरातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चिठ्ठीवर कोलेस्टेरॉल कमी करणारं अॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम लिहून दिलं. रोज रात्री एक. रांग मोठी होती, त्यांचा नाइलाज मी समजू शकते. पण घरात कुणाला हृदयविकार होता का, आणखी कोणती औषधं चालू आहेत, थकवा येतो का, यातलं काहीच विचारलं गेलं नाही. अण्णांचं मीही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मांड्या भरून यायला लागल्या. आम्ही तिघी मैत्रिणी पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने निम्म्यापर्यंत चालत जातो. त्या चढावर मला थांबावं लागायला लागलं. मग देवघरासमोरच्या पाटावरून उठताना जमिनीवर हात टेकावा लागला. दोन्ही मांड्या सारख्याच दुखायच्या, धान्याचं पोतं उचलल्यावर दुसऱ्या दिवशी दुखतात तशा. त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला की कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात, लिव्हर जातं, लसणीच्या पाकळ्या आणि अर्जुनसालीचा काढा घ्या. मी गोळी बंद केली. कुणाला न विचारता. उरलेलं पाकीट पिठाच्या डब्यामागे सरकवलं आणि काढा सुरू केला.

दीड महिना झाला तरी मांड्या तशाच. तेव्हा यांनी मला हाताला धरून गोडोलीतल्या एका फिजिशियनकडे नेलं.

त्या तपासणीचा तपशील मुद्दाम लिहिते. डॉक्टरांनी आधी काढ्यासकट सगळी औषधं टेबलावर ठेवायला लावली. मग म्हणाले, "ताई, हात छातीशी बांधा आणि खुर्चीतून उठून दाखवा." मला एका झटक्यात उठता आलं नाही. मग मला स्टुलावर गुडघे टेकवून बसवलं आणि घोट्यामागच्या शिरेवर लहान हातोडीने टिचकी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत येताना रेंगाळलं. यांनासुद्धा ते दिसलं. डॉक्टर थांबले आणि एकामागून एक विचारत गेले. केस गळतात का? थंडी जास्त वाजते का? पोट साफ व्हायला त्रास होतो का? वजन वाढलं का? सगळ्यांना उत्तर हो होतं. वर्षभर मी हे सगळं पाळी जाण्याच्या वयावर टाकत होते.

रक्ताचे रिपोर्ट संध्याकाळी आले. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक, २८. आमच्या लॅबची वरची मर्यादा साडेचारच्या आसपास आहे. स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीपीके ४१० होतं, तेही गोळी बंद करून दीड महिना झाल्यावर. यकृताची तपासणी, एसजीपीटी, नॉर्मल.

डॉक्टरांनी कागदावर यकृताचं चित्र काढून समजावलं. कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःही बनवतं. माझ्या गोळीसारखी स्टॅटिन औषधं त्यातला एक टप्पा अडवतात, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. थायरॉईड कमी पडलं की हेच ओढून घेणं मंदावतं, म्हणून एलडीएल वाढतं. थायरॉईड कमी असताना स्नायूही दुखतात, आणि त्यात स्टॅटिन दिलं तर स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणजे वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि भरून येणाऱ्या मांड्या, दोन्हींच्या मुळाशी एकच आजार असावा. गोळी सुरू करायच्या आधी टीएसएच केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मला त्याची खंत आजही आहे.

"गोळी बंद केलीत याचं मला वाईट वाटत नाही," ते म्हणाले, "कुणाला न विचारता केलीत याचं वाटतं." तेव्हा मी अण्णांचं सांगितलं. त्यांनी वय विचारलं, एक्कावन्न ऐकून पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं.

आधी फक्त थायरॉईडची गोळी. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. काढा बंद. दोन महिन्यांनी तपासणी, मग डोस वाढवून पुन्हा दोन महिने. टीएसएच ३.१ वर आलं, सीपीके १२० झालं. पाटावरून मी हात न टेकता उठले, त्या दिवशी आई शेजारी बसून फुलं निवडत होती. तिने काही न बोलता माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला.

एलडीएल मात्र १४८ वर येऊन थांबलं. इथे मला वाटलं, झालं, आता पथ्यावर भागेल. डॉक्टरांनी घाई केली नाही. माझं रक्तदाब, साखर आणि अण्णांचा इतिहास एकत्र मांडला आणि अॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू करू म्हणाले. दोन्ही मांड्या किंवा खांदे दुखले, अशक्तपणा आला तर फोन करायचा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचं. लिव्हरची माझी भीतीही त्यांनी हसण्यावारी नेली नाही. एसजीपीटी थोडं वाढलेलं बऱ्याचदा आपोआप खाली येतं, मर्यादेच्या तिप्पट झालं तर गांभीर्याने पाहायचं, असं सांगितलं. साखर किंचित वाढू शकते म्हणून एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, वर्षाला एकदा.

माझी लेक कराडला फार्मसी शिकते. तिने मला सांगितलं की पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत सापडलं, आणि त्यासाठी त्यांनी सहा हजारांच्या आसपास सूक्ष्मजीव तपासले होते. औषध म्हणून पहिलं स्टॅटिन अमेरिकेत १९८७ साली आलं. ते ऐकून मला अण्णांची फार आठवण आली. अण्णा १९९० साली गेले. त्यांचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं.

तिचा खरा उपयोग पुढे झाला. पावसाळ्यात छाती भरली म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात गेले, तिथे क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. रात्री फोनवर नाव सांगताच ती म्हणाली, "आई, ती गोळी अजून घेऊ नकोस. या अँटिबायोटिकने अॅटोरव्हास्टॅटिन रक्तात साठत जातं. सकाळी आधी तुझ्या डॉक्टरांना विचार." विचारलं. त्यांनी अँटिबायोटिक चालू असेपर्यंत स्टॅटिन थांबवायला सांगितलं आणि कोर्स संपल्यावर पुन्हा सुरू करून दिलं. तेव्हापासून दोन्ही गोळ्यांची नावं आणि डोस लिहिलेली चिठ्ठी माझ्या पर्समध्ये असते. कुठल्याही दवाखान्यात गेले की बसायच्या आधी ती पुढे करते.

पुन्हा सुरू केल्यावर तीन महिन्यांनी एलडीएल ९४ आलं. सीपीके आणि एसजीपीटी दोन्ही मर्यादेत. गोळी रात्री जेवल्यावर घेते, ही गोळी दिवसात केव्हाही चालते, पण रात्रीची मला आठवण राहते.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने आजवर रक्त तपासलेलं नाही, छातीत काही होत नाही ना, मग कशाला, असं म्हणतो. येत्या रविवारी सकाळी उपाशीपोटी त्याला लॅबमध्ये घेऊन जाते आहे. वहिनी तयार आहे. यादीत टीएसएच मी स्वतः लिहिलं आहे.