तुम्ही विचारलंत म्हणून: पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना फी घेऊन आफ्रिकेत रानटी जनावरांवरचं काम शिकायला नेतात, तिथे डार्ट, म्हणजे बंदुकीने झाडायची भुलीची सुई, मारायला मिळतो का?

नाही. बहुतेकदा मिळत नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे.

परळ असो, शिरवळ असो की उदगीर, पशुवैद्यकीय कॉलेजातल्या मुलामुलींसमोर आफ्रिकेचा विषय निघाला की पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो. पालक तेच दुसऱ्या शब्दांत विचारतात: "इतके पैसे भरून पोरगी तिकडे काही शिकणार आहे, की गेंड्याला टेकून फोटो काढून परत येणार?" दर वेळी मी थोडक्यात सांगते आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी औषध. गेंडा, हत्ती, जिराफ यांना पाडायला एटॉर्फिन वापरतात; तिकडे सगळे त्याला एम-९९ म्हणतात. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या उम्फोलोझी अभयारण्यातून पांढरे गेंडे पकडून दुसरीकडे हलवायचं काम इयन प्लेयर यांच्या मंडळींनी हाती घेतलं, तेव्हा टोनी हार्थूर्न या पशुवैद्यकाने हे औषध त्या कामात रुळवलं. दीड-दोन टनांच्या गेंड्याला ते तीन-चार मिलिग्रॅम पुरतं. यावरून अंदाज करा, डार्ट भरताना उडालेला शिंतोडा माणसाच्या डोळ्यात, ओठावर किंवा खरचटलेल्या बोटावर पडला तर काय होईल. श्वास बंद पडू शकतो. म्हणून डार्ट एकट्याने भरत नाहीत. हातमोजे, चष्मा, शेजारी पाण्याची बादली, आणि माणसाला द्यायचा उतारा, नॅलॉक्सोन, हाताशी काढून ठेवलेला. तो कोण टोचणार हेही आधी बोलून ठरलेलं. जनावराला देतात तो डायप्रेनॉर्फिनचा उतारा माणसासाठी नाही, हे त्याच वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. हे औषध पशुवैद्यकाच्या जबाबदारीवर असतं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात ते कुणी देत असेल, तर त्याला विद्यार्थ्याचीही काळजी नाही आणि गेंड्याचीही.

सरावाला मिळतो तो पाणी भरलेला डार्ट आणि समोर गोणपाटाचं निशाण. तो सराव मात्र मन लावून करा. डार्टला दोन कप्पे असतात, पुढे औषध आणि मागे दाबून भरलेली हवा. सुईचं टोक बंद असतं, भोक बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, भोक उघडतं आणि हवा औषधाला पुढे ढकलते. नळी नीट बसली नाही तर औषध हवेतच गळतं. अंतराचा अंदाज चुकला की डार्ट आपटून परत उडतो, किंवा औषध स्नायूऐवजी चरबीत जातं. अर्धवट डोस बसलेलं जनावर तर सर्वांत धोक्याचं. भूल अर्धी चढते, जनावर किलोमीटरच्या किलोमीटर धावतं, अंग तापतं, स्नायूंत आम्ल साचतं. त्या दिवशी उठून चालत गेलेलं जनावर काही दिवसांनी स्नायू सडून मरू शकतं. "जरा कमीच देऊ, सुरक्षित राहील" हा घरच्या कुत्र्यामांजरांवरून आलेला विचार इथे उलटतो.

डार्ट बसला की घड्याळ सुरू. पाच-दहा मिनिटांत गेंडा पाय उंच उचलून टाकायला लागतो, मग अडखळतो, मग बसतो. आणि इथून विद्यार्थ्याचं खरं काम सुरू होतं. डोळ्यांवर फडकं, कानांत बोळे, डोळ्यांत मलम. एक जण फक्त श्वास मोजतो: नाकपुडीसमोर तळवा धरायचा आणि प्रत्येक श्वास मोठ्याने म्हणायचा. एटॉर्फिनखाली पांढऱ्या गेंड्याचा श्वास फार मंदावतो, त्यात स्नायू थरथरत असतात, म्हणजे ऑक्सिजन जास्त जळतो आणि आत कमी येतो. पल्स ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचे ऐंशी टक्क्यांच्या खालचे आकडे दिसणं नवलाचं नाही. कानाच्या शिरेतून ब्यूटॉर्फनॉल, म्हणजे श्वासावरचा एटॉर्फिनचा दाब थोडा उतरवणारं औषध, देतात, नाकातून नळी घालून ऑक्सिजन सोडतात, आणि त्याचा उपयोग होतोय की नाही हे तळवा धरलेल्या पोरालाच सगळ्यांच्या आधी कळतं. दुसरी दर पाच मिनिटांनी आकडे लिहिते. तिसरा गुदद्वाराचं तापमान घेतो: साधारण ३७ हवं, ३९च्या वर गेलं की अंगावर पाणी, ४०कडे चाललं की हातातलं काम टाकून उतारा. पोटावर बसलेला गेंडा श्वास बरा घेतो, पण त्याचे पाय त्याच्याच वजनाखाली चेपतात. कुशीवर घेतला की पायांत रक्त फिरतं. म्हणून त्याची बैठक बदलत राहायची. निघताना डार्टच्या भोकात अँटिबायोटिकची ट्यूब सोडायची. ती बघून आपल्याकडच्या मुलांना एकदम ओळखीचं वाटतं, कारण कासदाह झालेल्या गाईच्या सडात घालतात तीच ती.

हत्तीचं वेगळं. तो पोटावर बसला तर आतड्यांचा भार छातीपडद्यावर येऊन गुदमरतो. त्याला लगेच कुशीवर ढकलावं लागतं आणि सोंडेचं टोक मिटू नये म्हणून त्यात काडी अडकवतात. जिराफ खाली पडला की भुलीचा उतारा लगेच द्यायचा आणि पुढचं काम माणसांनी मान दाबून धरून, डोळे झाकून उरकायचं, कारण भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर संपलं. त्या मानेवर बसणारं माणूस बहुतेकदा विद्यार्थीच असतो. हे काम शोभेचं नाही.

पूर्वी मी यावरच थांबत असे. सांगायची की डार्टचा हट्ट सोडा, जमिनीवर पडलेल्या जनावराभोवतीचं काम शिका, तेवढ्याने डॉक्टर घडतो. आज हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि त्याचं कारण केनियातलं २०१८ साल.

त्या वर्षी जूनच्या अखेरीस केनियाने काळे गेंडे हलवायला घेतले. नैरोबी आणि लेक नाकुरू या उद्यानांतून १४ गेंडे त्साव्हो ईस्टमधल्या नव्या अभयारण्यात न्यायचे होते. देशात तेव्हा काळे गेंडे साडेसातशेच्या आसपास. काम करणारी मंडळी नवखी नव्हती: २००५ ते २०१७ या काळात त्यांनी १४९ गेंडे हलवले होते आणि त्यातले आठ दगावले होते. अकरा गेंडे पकडले, पेट्यांत घातले, ट्रकने नेले. अकराही जिवंत उतरले. डार्ट बसले, उतारा लागू पडला, पाय शाबूत होते. विद्यार्थी जिला यशस्वी मोहीम म्हणतात ती इथे पूर्ण झाली होती.

मग गेंडे एकामागून एक मरायला लागले. दहा गेले. अकराव्यावर सिंहांनी हल्ला केला, तोही वाचला नाही. उरलेल्या तिघांना हलवणं रद्द झालं.

पर्यटनमंत्री नजीब बलाला यांनी चौकशीचा जो निष्कर्ष जाहीर केला तो मी प्रत्येक तुकडीला वाचून दाखवते, कारण त्यात एकही शब्द डार्टचा नाही. ताण, त्यात मिठाची विषबाधा, त्यात निर्जलीकरण, उपासमार, श्वसनमार्गात बळावलेले पाश्चुरेला जंतू, जठरात व्रण. मुळाशी पाणी. नव्या जागेतलं बोअरचं पाणी खारट होतं, आणि हे गेंडे आले होते कमी खाऱ्या पाण्यावरून. खारं पाणी प्यायलं की तहान वाढते, तहान वाढली की जनावर तेच पाणी आणखी पितं. रक्तातलं सोडियम चढतं, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. खाणं सुटतं, पोट बिघडतं, प्रतिकारशक्ती ढासळते आणि एरवी नाकात निमूट राहणारे जंतू डोकं वर काढतात. बाहेरून दिसतं काय? सुस्त, न खाणारा गेंडा. नुकत्याच हलवलेल्या जनावरात ही लक्षणं इतकी नेहमीची की "रुळेल हळूहळू" म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. मिठाची बाधा लक्षात आल्यावर घाबरून एकदम भरपूर गोडं पाणी पाजलं तरी घात होतो, कारण मग पाणी मेंदूत शिरतं आणि मेंदू सुजतो. थोडं थोडं, तासातासाने द्यावं लागतं. मेल्यानंतर निदान करायचं तर डोळ्यातला द्रव आणि मेंदूचा नमुना हवा, तोही ताजा.

आपल्याकडे आरओ फिल्टरवाला पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा वाचून दाखवतो. तेवढ्याच यंत्राने पाण्यात क्षार किती हे कळतं. पशुपालनातला ढोबळ नियम शिकलेलाच आहात: लिटरला ३,००० मिलिग्रॅमच्या आत ठीक, १०,०००च्या पुढे नको. पण नुसत्या आकड्याने भागत नाही. जनावर कुठल्या पाण्यावर वाढलंय, तिथला आकडा आणि इथला आकडा यांत फरक किती, आणि तो फरक अंगवळणी पडायला त्याला किती दिवस दिले, हे बघायचं. मोहिमेच्या कितीतरी आधी दोन्हीकडचं पाणी तपासायचं, मुक्कामी पोचल्यावर सुरुवातीला जुनं पाणी टँकरने पुरवायचं, जुना चारा सोबत न्यायचा, गेंडा रोज किती पाणी पितो ते मोजायचं, शेण बघायचं. याला डार्ट मारायला लागतं तसं हेलिकॉप्टर लागत नाही. आणि नेमकं हेच कुठल्याही माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर नसतं.

लांब कशाला जायचं, मध्य प्रदेशातल्या कुनोत बघा. नामिबियातून सप्टेंबर २०२२ मध्ये आठ चित्ते आले, दक्षिण आफ्रिकेतून फेब्रुवारी २०२३ मध्ये बारा. विमान, पिंजरे, भूल, सगळं पार पडलं. २०२३च्या पावसाळ्यात गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यांखाली जखमा झाल्या, त्यांत अळ्या पडल्या, काही चित्ते त्यात गेले. दक्षिण गोलार्धातल्या जनावराच्या अंगावर तिकडच्या हिवाळ्याची दाट लव आणि डोक्यावर आपला जुलैचा पाऊस. पट्ट्याखालची कातडी वाळणार कधी?

म्हणून आयोजकांना विचारायचेच तर हे प्रश्न विचारा. सोडलेल्या जनावराकडे पुढचा महिनाभर कोण बघतं, आणि त्या नोंदी आम्हाला बघायला मिळतील का? एका जनावराभोवती किती विद्यार्थी? गटातले सगळे जण जनावर पडल्यावर कामाला लागतात, की अर्धे नुसते उभे असतात? आणि सर्वांत अवघड: या गेंड्याला आज भूल देण्याची गरज होती, की गटाने पैसे भरले होते म्हणून आजची तारीख धरली? इथे मी आयोजकांची थोडी बाजू घेईन. हेलिकॉप्टरचा तास महाग असतो, आणि कानाला खाच पाडणं, शिंग कापणं, डीएनए नमुना घेणं ही कामं व्हायचीच असतात. विद्यार्थ्यांच्या फीमधून तो तास निघत असेल तर मला त्यात वावगं दिसत नाही. पण काम आधी ठरलेलं हवं आणि गट नंतर.

हेही स्वच्छ सांगते, की तुमचे बरेच दिवस जंगलात जाणारच नाहीत. खासगी फार्मवर म्हशींची, म्हणजे आफ्रिकन रानम्हशींची, रक्तं काढणं, लाळ्या-खुरकूत, क्षय, ब्रुसेला आणि कॉरिडॉर डिसीज (गोचिडांतून पसरणारा रोग) यांच्या तपासण्या, सेबल हरणं एका मालकाकडून दुसऱ्याकडे पोचवणं. याला संवर्धन म्हणायचं का? काही अंशी. त्या धंद्यामुळे कुंपणाआड का होईना, जमीन रानाखाली राहिली आहे. शिकायला मात्र ते उत्तम आहे, कारण एका दिवसात तीस जनावरांच्या शिरा सापडवाव्या लागतात.

तुमचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. उद्या जुन्नरला उसात बिबट्या अडकला तर फोन तुम्हालाच येणार, आणि डार्ट तुम्हालाच मारावा लागणार. मग शिकायचं कुठे? झायलाझिन-केटामाइन या भुलीच्या औषधांच्या जोडीवर, आपल्याच जनावरांवर, वनखात्याच्या परवानगीने, जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली, असं मी म्हणते. अशा जागा आपल्याकडे किती आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण बिबट्या विहिरीत असला तर मात्र डार्ट नको. भूल चढली की तो बुडेल. आधी दोरांनी बाज, म्हणजे खाट, सोडतात, तो तिच्यावर चढून दम खातो, मग पिंजरा सोडतात. हे गावकऱ्यांना माहीत असतं, आफ्रिकेत कुणी शिकवत नाही.

आणि तिकडच्या जागेवर हक्क कुणाचा? झांबियातली किंवा केनियातली विद्यार्थिनी शिकून तिथेच राहणार आहे, तेच गेंडे पुढची तीस वर्षं सांभाळणार आहे, पण फी भरणं तिला परवडत नाही. आपल्या फीमधून तिच्यासाठी जागा निघते, असं काही आयोजक सांगतात. मला याचं पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. नाव नोंदवण्याआधी विचारा: गेल्या वर्षी अशा किती जागा दिल्या? आकडा लेखी मागा.