परळभर पाणी

पक्षी बोलवायचे म्हटलं की आपला हात आधी धान्याच्या डब्याकडे जातो. ज्वारी, बाजरी, नाहीतर रात्रीचा उरलेला भात. येतात ती कबुतरं. गॅलरीत मूठभर दाणे पडायला लागले की त्यांची पंगत हलायचं नाव घेत नाही, आणि बाकीचे पक्षी लांबूनच निघून जातात. विष्ठेची पूड श्वासातून आत गेली की फुप्फुसांचं दुखणं मागे लागतं ते वेगळंच. २०२५ मध्ये मुंबईच्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो यावरूनच. शिवाय दयाळ, शिंपी, नाचण ही मंडळी मुळात किडेखाऊ. त्यांना ज्वारीचं काय कौतुक?

पाणी मात्र बहुतेकांना हवं असतं, आणि फेब्रुवारी ते जून तर फारच.

कुंभाराकडून मातीचा, झिलई नसलेला परळ, म्हणजे पसरट उथळ थाळी, आणावा, बारा-चौदा इंच रुंद. स्टीलची परात उन्हात तापते आणि तिच्यात पाय घसरतात. पाणी मध्यावर फार तर दोन इंच, काठाशी अर्धा इंच. परळ खोलगट निघालाच तर आत एक खडबडीत चपटा दगड टाकावा, थोडा पाण्यावर राहील असा. गडबड होते ती जागा निवडताना. झुडपाला खेटून ठेवला तर मांजर दबा धरतं. अगदी उघड्यावर ठेवला तर शिक्रा या शिकारी पक्ष्याचं फावतं. भिजल्या पिसांनी झटकन उडता येत नाही, म्हणून आडोसा सहा-आठ फुटांवर हवा. दुपारची सावली असेल तर उत्तमच.

पाणी रोज ओतून टाकायचं. उन्हाळ्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शेवाळ काथ्याने घासावं, साबण नको. दोन परळ असले तर एक उन्हात वाळतो तेव्हा दुसरा कामावर. वर एखादी बाटली बुडाला सुईने भोक पाडून टांगली की थेंबाथेंबाच्या आवाजाने पक्षी लवकर येतात. आठ-पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही तरी परळाची जागा बदलू नये.

मग बघत बसावं. बुलबुल घोट घेतो, मान वर करतो, पाणी घशात उतरू देतो, इकडेतिकडे बघतो, मग पुढचा घोट. कबुतर चोच बुडवून मान न उचलता ओढून घेतं. सातभाई एकाच वेळी सगळे घुसतात आणि परळ निम्मा रिकामा करतात. दयाळ शेजारी कुणाला खपवून घेत नाही. फुलांतला मध पिणारा शिंजीर आणि चिमुकला चष्मेवाला मात्र परळापेक्षा ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ उरकतात, तेव्हा सकाळी झाडांवर पाइपाने एक फवारा मारावा.

शिंजिरासाठी जास्वंद लावावी, बुलबुल-कोकिळेसाठी कढीपत्त्याची फळं पिकू द्यावीत. आणि बाग फार चकाचक ठेवू नये. शिंजिराचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्याने जुळलेलं असतं. झाडावरची सगळी जाळी झाडूने काढली तर त्याने बांधायचं कशाने? कीटकनाशक मारलं तर चिमणीच्या पिल्लांना भरवायला अळ्या उरत नाहीत. विणीच्या दिवसांत एखादा पक्षी गाडीच्या आरशावर चोची मारत सुटला तर तो वेडा नाही, आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतोय. आरशावर पिशवी चढवावी.

पावसाळा सरला की पाहुणे येतात. काळा थिरथिरा कंपाउंडच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवतो आणि एप्रिलच्या आसपास उत्तरेला परततो. नदीकाठी धोबी दिसू लागतो. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. अशा वेळी दुर्बीण लागते, ती ८ × ४२ ची घ्यावी, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. बारा-सोळा पटींची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हातातली थरथरही तितक्याच पटींनी मोठी होते आणि पक्षी चौकटीत सापडत नाही. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणायचा मोह टाळावा. नर सगळं सोडून हद्दीत घुसलाच नाही अशा शत्रूला शोधत फिरतो, आणि तेवढा वेळ घरट्यातली पिल्लं उपाशी.