भिंतीच्या आतलं काम: आमची वाटचाल

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमधले छोटे फ्लॅट घ्यायचे, नीट करायचे आणि विकायचे, हा आमचा धंदा. २००९ पासून. वन आरके आणि वन बीएचके, तेही बिबवेवाडी, धनकवडी, सहकारनगर, कर्वेनगर या पट्ट्यातलेच. "हे रंग मारून विकतात" असं आमच्याबद्दल बाजारात बरीच वर्षं बोललं गेलं. हे लिहायला बसलो त्याचं मोठं कारण तेच आहे.

मी एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर होतो. पहिला फ्लॅट बिबवेवाडीत घेतला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूमचं पाणी खालच्यांच्या स्वयंपाकघरात उतरायचं, दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे भाव पडला होता आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. पीएफचे पैसे आणि सासऱ्यांकडून हातउसने घेऊन मी तो घेतला. माझ्याबरोबर अक्कलकोटकडचे एक गवंडी होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामांनी भिंत फोडून जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप कापला आणि माझ्या हातात दिला. अर्ध्या इंची पाइपाला आतून इतका गंज चढला होता की भोकातून पेन्सिल जाईना. "मालक, नळाला धार नाही म्हणून हे लोक वर टाकी बदलत बसले," मामा म्हणाले. तो तुकडा अजून ऑफिसच्या टेबलावर आहे. गिऱ्हाईक आलं की आधी तो दाखवतो, टाइल्सचा कॅटलॉग नंतर.

मामांची हत्यारं म्हणजे थापी, ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या, ॲल्युमिनियमचा पाटा आणि पाणी भरून दोन ठिकाणची पातळी जुळवायची पारदर्शक लेव्हल नळी. आता आमच्याकडे लेझर लेव्हल आहे, पोरं तीच वापरतात. पण बाथरूमचा उतार काढताना मामा नळीच घेतात. नळीत एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून ती उंच धरून उजेडाकडे बघतात, बोटानं टिचक्या मारून बुडबुडा वर काढतात, मगच भिंतीवर खूण. फरशी बसली की चार कोपऱ्यांत गोटी ठेवायची. कुठूनही सोडली तरी ती नहाणी ट्रॅपकडेच, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडेच, गेली पाहिजे. एका कोपऱ्यात जरी थांबली तरी तेवढी फरशी उखडायची.

बाथरूमचा संक, म्हणजे फरशीखालचा खोलगट भाग, पूर्ण रिकामा करायचा, जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, काढायचा, ट्रॅप बदलायचा, वॉटरप्रूफिंग करून नवा कोबा घालायचा, आणि फरशी लावायच्या आधी तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचं. रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्याच देखत छताला हात लावून बघायचा. बिबवेवाडीच्या त्या खालच्या काकांनी तिसऱ्या दिवशी आम्हाला चहा दिला, आणि महिन्याभरात फ्लॅट त्यांच्याच मेहुण्यानं घेतला.

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली. नोटाबंदीनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०१६ नंतर, बाजार थंडावला, तो काळही आम्ही काढला.

खरा त्रास २०१८ मध्ये सुरू झाला. आम्हाला सौदे आणून देणारा एक एजंट होता. दोन्ही बाजूंची दलाली त्याला वेळेवर मिळत होती, कधी हुज्जत घातली नाही. आमच्या साइटवर उभा राहून तो धंदा शिकला आणि स्वतः फ्लॅट घ्यायला लागला. त्याबद्दल तक्रार नाही, बाजार कोणाच्या बापाचा नाही. पण कर्वेनगरला आम्ही टोकन दिलेल्या फ्लॅटच्या मालकांना त्यानं रात्री जाऊन लाखभर जास्त सांगितले आणि आमचं टोकन परत आलं. तो फ्लॅट त्यानं पाच आठवड्यांत विकला. पीओपीचं छत, त्यात झगमगते दिवे, किचनला ट्रॉल्या. वायरिंग तीच जुनी, अर्थिंग नाही, पाइपाला हात लावलेला नाही. वर हाच माणूस आमच्या गिऱ्हाइकांना सांगत फिरायचा की आम्ही ओल रंगाखाली दाबतो! तीन बोलणी त्यामुळे मोडली. ज्या कामासाठी आम्ही नफ्यातले दोन पैसे सोडत होतो, त्याच कामावरून बदनामी झाली. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक उघड्या भिंतीचे फोटो काढतो, शेजारी मेजरिंग टेप धरून. कुठला पाइप फरशीपासून किती इंचावर, कुठली वायर कुठून गेली, सगळं एका फाइलमध्ये, आणि फाइल चावीबरोबर गिऱ्हाइकाला.

अशी पहिली फाइल घेतली ती सहकारनगरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. काकू एकट्या राहतात. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये तो एजंट एका जोडप्याला फ्लॅट दाखवायला आला आणि जिन्यात आमचं नाव घेऊन बोलला. काकू आतून फाइल घेऊन आल्या, त्या जोडप्याच्या हातात दिली आणि त्याला म्हणाल्या, "तुमची दाखवा." त्याच्याकडे काय असणार?

मग मार्च २०२०. आमचे दोन फ्लॅट अर्धवट, दोन्हींवर कर्ज, सोनंही गहाण. कामगार गावी गेले, मामाही गेले. हप्ते आधी पुढे ढकलले गेले, पण व्याज चालूच होतं. जुलैत त्या एजंटचा फोन आला. दोन्ही फ्लॅट घ्यायला तयार होता, आमच्या खरेदीपेक्षाही खाली. मी "नाही" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्या रात्री बायकोनं हिशेबाची वही काढली. दिवाळीपर्यंत एक तरी विकला गेला नाही तर ऑफिसची जागा सोडावी लागणार, असं गणित निघालं.

सरकारनं सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं. ४० लाखांच्या फ्लॅटवर सव्वा लाखाच्या आसपास बचत, म्हणजे गिऱ्हाईक बाहेर पडणारच होतं. मामा गणपतीनंतर परत आले आणि आम्ही दोघांनी मिळून पहिलं बाथरूम पुरं केलं. काकूंनी नाशिकचा भाचा पाठवला. त्यानं फाइल बघितली, पुन्हा भाव केला नाही, डिसेंबरात रजिस्ट्रेशन झालं. दुसरा फ्लॅट मार्चअखेर, जानेवारीपासून उरलेली २ टक्क्यांची सवलत संपायच्या आत गेला. सोनं सोडवून आणलं.

या धंद्यात नव्यानं उतरणारी मुलं हल्ली ऑफिसला येतात, किचन कसं करायचं विचारतात. मी त्यांना आधी विचारतो, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, काढलात का? तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घेतलात का? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचं? मालक वारले असतील आणि नॉमिनी विकत असेल, तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे. नव्या प्रकल्पाला रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरचा कायदा, आहे, जुन्या रीसेल फ्लॅटला तो आधार नाही, तिथे कागद तुम्हीच वाचायचे. सोसायटी हस्तांतरणासाठी २५,००० च्या मर्यादेवर मागत असेल, मग त्याला विकासनिधी म्हणोत नाहीतर देणगी, तर लेखी मागा. लेखी कोणी देत नाही. लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभ्या असलेल्या, बिल्डिंगमध्ये हॉल मोठा करायच्या नादात भिंतीला हात लावू नका, वरच्या तीन घरांचा भार तिच्यावर आहे. आणि फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये बघा. आधी खालच्या मजल्याची बेल वाजवा, त्यांच्या बाथरूमचं छत बघा, मग वर जा. खर्चाचा अंदाज काढाल त्यावर पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, भिंत उघडल्यावर तो लागतोच.

कर्वेनगरचा तो फ्लॅट, आमच्या हातातून गेलेला, सध्या आमच्याकडेच कामाला आहे. खालच्यांनी तक्रार केल्यावर आताच्या मालकांनी काकूंच्या ओळखीनं आम्हाला बोलावलं. बाथरूम उघडलं तर टाइलखाली टाइल निघाली. जुन्या फरशीवरच नवी चिकटवलेली, कोबा बिल्डिंग बांधली तेव्हाचा, ट्रॅपच्या कडेला बोट जाईल एवढी फट. टेप धरून फोटो काढले आणि मालकांना दिले. ट्रॅप बदलून झालाय, कोबा वाळतोय, गुरुवारी पाणी कोंडायचं आहे.