जुनी टर्बो डिझेल गाडी आणि तीन लिटर ऑइल

सातारा, वाई, कराड या पट्ट्यात दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाड्या अजूनही भरपूर दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन असते, ते म्हणजे फियाटचे १२४८ सीसीचे १.३ मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसवले गेले. पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातल्या मानेसरमध्ये त्याचे उत्पादन होत असे. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा ते नव्या गाड्यांतून बाद झाले. माझ्याकडे याच इंजिनाची २०१२ सालची गाडी आहे आणि ती एवढ्यात विकण्याचा माझा विचार नाही. ओळखीतले लोक आपल्या गाडीविषयी सल्ला विचारताना आधी किलोमीटरचा आकडा सांगतात. मी मात्र त्यांना इंजिन ऑइल कधी, कोणते आणि कोणाकडून बदलले हे विचारतो, कारण या इंजिनाचे बरेवाईट बहुतांशी त्यावरच ठरते.

या इंजिनात ऑइल जेमतेम तीन-सव्वातीन लिटर बसते आणि तेवढ्यावर कामे मात्र अनेक असतात. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा भरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. तो थर क्षणभर जरी तुटला, तरी बुश आणि दांडा एकमेकांना घासू लागतात. दुसरीकडे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो. डिझेलच्या ज्वलनातून येणारी काजळी या थोड्याशा ऑइलमध्ये सतत मिसळत राहते, त्यामुळे ते काळे होण्याला फारसा अर्थ नसतो. ते दाट होऊन इंजिनाखाली ऑइल साठवणाऱ्या चेंबरच्या तळाशी त्याचा गाळ बसू लागला की खरे दुखणे सुरू होते. मागे एका गाडीचा चेंबर उतरवलेला मी पाहिला, तेव्हा ऑइल ओढणाऱ्या जाळीवर डांबरासारखा थर होता आणि बोटाने तो निघत नव्हता. पंप शाबूत असूनही वर ऑइल पोहोचत का नाही, हे त्या जाळीकडे पाहून कोणालाही समजले असते.

चेनविषयी एक समज आपल्याकडे फार पक्का आहे. काही इंजिनांत चेनच्या जागी असणारा रबरी बेल्ट ठरावीक अंतराला बदलावा लागतो, चेन मात्र इंजिनाबरोबरच जाते, असे शोरूमपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे सांगतात. स्वच्छ ऑइलवर चाललेली चेन खरोखरच दीर्घकाळ टिकते, पण काजळीने जड झालेल्या ऑइलवर तिच्या कड्या झिजून ती लांबते, टेन्शनर आपल्या शेवटच्या टोकाला जातो आणि मग सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर पुढच्या बाजूने क्षणभर खळखळ ऐकू येते. ऑइलचा दाब तयार झाला की आवाज थांबतो, म्हणून मालक निर्धास्त राहतो. ही खळखळ लांबत चालली, तर चेन, टेन्शनर आणि गाइड असा पूर्ण संच बदलून घ्यावा, कारण चेनने दाता सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात, रॉकर तुटतात आणि हेड उघडण्याची वेळ येते. त्या खर्चापुढे चेनच्या संचाचा खर्च किरकोळ ठरतो.

किलोमीटरचा आकडा फसवा का, याचे उत्तर आमच्या साताऱ्यातच आहे. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे आणि परत, एवढ्यासाठीच वापरली जाणारी डिझेल गाडी पुरती तापतच नाही. तिच्या ऑइलमध्ये ओल आणि न जळलेले इंधन साचते. उलट रोज हमरस्त्याने पुण्याला जाणारी गाडी दुप्पट चालूनही आतून अधिक स्वच्छ निघू शकते. कंपनीने दिलेला १०,००० किलोमीटरचा टप्पा मी कमाल मर्यादा मानतो. त्याच्या बऱ्याच आधी, आणि गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा, ऑइल आणि त्याबरोबर फिल्टर बदलतोच. फिल्टरच्या बाबतीत स्वस्ताचा मोह टाळावा, नकली फिल्टरचा कागद आतल्या आत फाटतो.

घाट हा आपल्याकडचा खास विषय. स्विफ्ट-डिझायरमधल्या या इंजिनाचा १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मिनिटाला २००० फेऱ्यांना मिळतो आणि त्याच्या खाली टर्बो जवळपास झोपलेला असतो. पसरणी घाटाच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत असताना ॲक्सिलरेटर दाबून धरणे म्हणजे काळा धूर, काजळी आणि क्लचची झीज यांना एकत्र आमंत्रण. तिथे सरळ दुसरा टाकावा. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी असतो, तरी टर्बो ती कसर बरीच भरून काढतो, म्हणजेच वर तो जास्त राबतो. म्हणून चढ संपवून लगेच गाडी उभी केली, तर मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवावे. तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जागीच करपते आणि त्याची खपली पुढे बारीक पाइपात अडकते.

एका परिचितांच्या गाडीचा नवा बसवलेला टर्बो थोड्याच महिन्यांत पुन्हा गेला. त्यांनी मालाला दोष दिला, पण टर्बोला ऑइल पुरवणारा जुना, अर्धवट बुजलेला पाइप गॅरेजवाल्याने तसाच ठेवला होता. टर्बो बदलताना हा पाइप नवा घ्यावा आणि चेंबरची जाळी धुऊन घ्यावी. टर्बोचे सील गेल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. क्वचित इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन बेफाम पळते आणि चावी काढूनही बंद होत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून ते बंद पाडावे लागते. हे घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवलेले बरे.

गाडी ओढत नाही म्हटले की गॅरेजमध्ये पहिला संशय इंधन फवारणाऱ्या नोझलवर घेतला जातो. जुन्या गाडीत टर्बोपासून त्याची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतचा रबरी पाइप चिरलेला किंवा क्लिप सैल झालेली असणे अधिक संभवते. पाइपावर बाहेरून ऑइलचा ओलसर डाग आणि पिकअप घेताना फुसफुस, एवढ्यावरून ते ओळखता येते. ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे चालून एअर फिल्टर पाचटाच्या भुग्याने भरतो, तोही आधी काढून पाहावा. यानंतरही काळा धूर राहिला, तर थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवरची काजळी साफ करावी आणि मगच नोझल तपासायला पाठवावेत. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढून टाकण्याचे काम मात्र कोणावर सोपवू नये, कारण पाणी गेलेले नोझल दुरुस्त होण्याची शक्यता कमीच असते.