टाकीचं झाकण

रविवार, कोल्हापूर. पावसाने उघडीप दिली, म्हणून सकाळीच माझी यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल अंगणात काढली. सध्या तिची एकच तक्रार. थंड असताना पहिल्या किकला चालू होते, झकास पळते आणि पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला गुदमरून बंद पडते. जरा थांबलं की पुन्हा सुरू.

भेटेल तो वेगळा उपाय सांगतो. ठिणगीची कॉइल बदल, कार्ब्युरेटरच नवा टाक, सिलिंडर बोअर करून घे. मला असं अंदाजाने सामान बदलणं अजिबात पटत नाही. 1996 ला उत्पादन बंद झालेली गाडी. तिचं मूळ सामान आता शोधूनही मिळत नाही. निघालेला चांगला भाग परत कुठून आणायचा? आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. या क्रमाने गेलं की गाडी स्वतःच बोलते.

फुलेवाडीकडे लांब चक्कर मारली आणि बंद पडेपर्यंत पळवली. पडली ती गल्लीच्या तोंडाशीच. ढकलत आणून लगेच प्लग काढला, इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली. कडक निळी ठिणगी! कॉइलवरचा संशय तिथेच मिटला. प्लग मात्र ठणठणीत कोरडा आणि नेहमीच्या चॉकलेटी रंगाऐवजी पांढुरका. म्हणजे पेट्रोल पोचत नाही.

इंजिन निवण्याची वाट न बघता कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत धरली. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू, टाकी निम्मी भरलेली, तरी थेंब थेंब. टाकीचं झाकण फिरवलं आणि सुस्स करून हवा आत ओढली गेली. खाली लगेच धार लागली. फार बरं वाटलं.

झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की टाकी पेट्रोल धरून ठेवते. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी परत सुरू व्हायची. भोकात तांबडी माती आणि गंज घट्ट बसला होता. वायरची एक बारीक तार घालून मोकळं केलं, पेट्रोलने धुतलं, फुंकर आरपार गेली. दुपारी वाघबीळ न थांबता चढली.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो.

ऑटोल्यूबची, म्हणजे इंजिनला आपोआप तेल देणाऱ्या पंपाची, टाकीही वरपर्यंत भरली. टू-स्ट्रोक इंजिनात हेच तेल पिस्टन वाचवतं. पंपाची नळी कधी काढलीच तर आधी हवा काढायची आणि मगच गाडी पळवायची, यात मी कुणाचंच ऐकत नाही.

सायलेन्सरचा बॅफल, म्हणजे आवाज कमी करणारी आतली नळी, साफ करायचा राहिला. त्यातला कार्बन पुढच्या रविवारी खरवडायचा, तोवर उद्यमनगरातून तारेचा ब्रश आणायला हवा.