हो, मीही मोबाईलमध्ये बघते

"डॉक्टर, आम्ही गूगल केलं की तुम्ही रागावता, आणि स्वतः मात्र आमच्यासमोर मोबाईल उघडता, हे कसं?" नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. एखाद्या आजोबांच्या आवाजात तर शंकाच असते, बाईंना येत नाही की काय!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पूर्वी मी हात धुवायच्या निमित्ताने आत जाऊन पुस्तक चाळून यायचे. आता लपवत नाही.

परवा एक बाळंतीण आली, बाळ दीड महिन्याचं. दाताच्या दुखण्यासाठी तिला अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलेलं आणि घरात ठरलेलं, पाच दिवस अंगावर पाजायचं नाही. मी 'लॅक्टमेड' उघडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची ही मोफत सूची. आईने घेतलेलं औषध दुधात किती उतरतं, बाळाला त्याचं काय होऊ शकतं, हे त्यात औषधागणिक दिलेलं असतं. अमॉक्सिसिलिन चालतं, बाळाला पातळ शी किंवा पुरळ होत नाही ना, एवढं बघायचं. मला हे पाठच होतं. पण सासूबाईंना माझ्यापेक्षा स्क्रीन पटली.

नवजात बाळाच्या काविळीचं गणित मात्र पाठ ठेवण्यातलं नाही. बिलिरुबिनचा, म्हणजे रक्तातल्या कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा बाळाच्या वयाच्या तासांशी लावून वाचायचा. २४ तासांच्या बाळात १४ आलं तर काविळीच्या उपचाराच्या दिव्याखाली ठेवायचं. पूर्ण दिवसांच्या, दुसरा धोका नसलेल्या चार दिवसांच्या बाळाला त्याच आकड्यावर बहुधा दिवा लागत नाही. २०२२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने दिवा कधी लावायचा याच्या रेषा आणखी वर नेल्या. माझ्या कपाटातल्या तक्त्याला ते कुठून कळणार?

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आकडा शोधून बाटली न बघण्याचा. तापाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, हे तुम्हालाही सापडतं. १० किलोच्या मुलाला १५०. पण पाच मिलित १२० वालं सिरप असेल तर ते सव्वासहा मिलि, २५० वालं असेल तर तीन, आणि मिलित १०० वाले ड्रॉप्स असतील तर दीडच. एका बाबांनी रात्री फोनवर "पाच मिलि दिलं" म्हटलं आणि मीही झोपेत "बरं" म्हणून गेले. सकाळी बाटली बघितली, २५० ची. मूल सुखरूप होतं, मीच दिवसभर स्वतःवर चिडले होते.

तेव्हापासून फोन आला की आधी बाटलीचा फोटो मागते.